विषादाचें मूळ : विचारांत कीं परिस्थितींत ?

वाशीम हें आज वऱ्हाडांतील एका लहान जिल्ह्याचें मुख्य ठिकाण म्हणून ओळखलें जातें. परंतु इतिहासज्ञांस तें वत्सगुल्म या नांवानें अधिक परिचयाचें आहे. वाकाटकांची एक शाखा येथें नांदत होती. सर्वसेनानें ती स्थापिली, आणि तिच्यांतील हरिषेणाच्या कारकीर्दींत अजिंठ्याचीं कांहीं अत्यंत देखणीं लेणीं कोरलीं गेलीं. पुढें राजशेखरानें 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच वत्सगुल्मांत. ज्या नगरीला साहित्यानें असा मान दिला तिचें नांव आमच्या पिढीनें मात्र निराळ्याच कागदांवर वाचलें. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वांत आला. त्याला पुरतीं दहा वर्षेंहि झालीं नव्हतीं, तोंच जुलै २००६ च्या आरंभीं पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांनीं विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची मदत जाहीर केली, आणि त्या यादींत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वर्धा यांच्या पंक्तीला वाशीमहि बसलें. कारण सर्वांस ठाऊक आहे. कर्जानें व नापिकीनें गांजलेले शेतकरी आपल्या जिवावर उदार होऊं लागले होते.

या जिल्ह्यांत तर्कशास्त्र व मानसशास्त्र शिकविण्यांत माझीं पंचवीसांहून अधिक वर्षें गेलीं. विषादाची विचारमूलक उपपत्ति हा अभ्यासक्रमांतील एक ठराविक भाग. तो मीं दरवर्षीं शिकवितों, मुलें उतरून घेतात, आणि परीक्षेंत लिहून मोकळीं होतात. कांहीं वर्षांपूर्वीं मात्र तास संपल्यावर एक मुलगा मागें राहिला. त्याचा बाप दोन हंगामांपासून घरांत कोणाशीं बोलत नव्हता. वावरांत जात नव्हता. ओसरीवर भिंतीला टेकून बसे, आणि दिवस मावळला तरी तेथेंच असे. मुलानें वही मिटली व विचारलें, ''सर, मंग माह्या बाचा इचारच चुकला, असं म्हनाचं का ?''

या प्रश्नाला मजपाशीं उत्तर नव्हतें. घंटा झाल्याचें निमित्त करून मी निघून गेलों, याची आजहि लाज वाटते. पुढें मीं या उपपत्तीचा इतिहास पुन्हां मुळापासून वाचावयास घेतला तो त्या मुलासाठीं. त्या वाचनांतून जें हातीं आलें तें येथें मांडीत आहें. कारण असा प्रश्न आज पुष्कळ घरांत, पुष्कळदां न बोलतांच, विचारला जात असतो.

विचारापासून विषाद उत्पन्न होतो, ही कल्पना पाश्चात्त्यांनींच प्रथम शोधून काढली असें मानण्याचें कारण नाहीं. चरकसंहितेंत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्यें विषादाला अग्रस्थान दिलें आहे. आणि रोगाच्या कारणांत 'प्रज्ञापराध' नांवाचें एक कारण सांगितलें आहे. बुद्धि, धृति आणि स्मृति यांचा भ्रंश झाला म्हणजे मनुष्याच्या हातून अयोग्य कर्म घडतें व त्यापासून दोष प्रकुपित होतात, असा त्याचा आशय. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाला तर विषादाचेंच नांव आहे. अर्जुनाचीं गात्रें गळालीं तीं शत्रूच्या शस्त्रांनीं नव्हेत. युद्धाला अजून तोंडहि लागलें नव्हतें. जें होणार त्याचें चित्र मनापुढें उभें राहिलें आणि धनुष्य हातांतून गळालें. इतकें असूनहि त्या विषादाला गीतेनें 'योग' म्हटलें, आणि चरकानें बुद्धीच्या चुकीला 'अपराध' म्हटलें, हा दोन शब्दांतील फरक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. एकांत सहानुभूति आहे, दुसऱ्यांत ठपका आहे. आणि आमचा सारा वाद या दोन शब्दांच्या मधल्या जागेंत आहे.

ग्रीसकडे पाहिलें तर तेथेंहि तीच गोष्ट. घटनेपेक्षां घटनेविषयींची आपली समजूत आपणांस अधिक बाधते, हें तत्त्व ज्याच्या नांवावर मोडतें तो एपिक्टेटस जन्मानें गुलाम होता, आणि पायानें अधूहि होता. ज्याच्या हातांत स्वतःचें शरीरसुद्धां नव्हतें त्यानें आपल्या ताब्यांत काय उरलें याचा हिशेब मांडला, आणि त्याला एवढेंच आढळलें कीं, आपलें मत तेवढें आपलें आहे. हें तत्त्व गुलामानें स्वतःशीं म्हटलें तेव्हां तें धैर्य होतें. तेंच जर धन्यानें गुलामाला ऐकविलें असतें तर ? शब्द तेच राहिले असते, परंतु त्यांचा अर्थ असा झाला असता कीं, साखळी कांहीं फारशी जड नाहीं, तुझें मनच दुबळें आहे. विचारमूलक उपपत्तीचा पुढील सर्व इतिहास वाचतांना मला हा प्रसंग विसरतां आला नाहीं. उपपत्ति खरी आहे किंवा नाहीं, याइतकेंच तें वाक्य कोण कोणाला म्हणतो यालाहि महत्त्व आहे.

युरोपांत दीर्घकाळ विषादाचें कारण शरीरांतील काळें पित्त हें मानलें जात असे. इंग्लंडांत रॉबर्ट बर्टन यानें १६२१ सालीं या विकारावर एक अवाढव्य ग्रंथ लिहिला, त्यांतहि पित्ताचा पगडा आहेच. विसाव्या शतकांत फ्रॉइडनें पित्त बाजूला सारलें व १९१७ सालच्या आपल्या एका प्रसिद्ध निबंधांत निराळें कारण पुढें केलें. प्रिय व्यक्ति किंवा वस्तु अंतरली म्हणजे तिच्यावरचा सुप्त राग मनुष्य स्वतःवरच उलटवितो, आणि म्हणून तो स्वतःला दूषणें देतो, असें त्याचें म्हणणें. हें मत पुढें कित्येक दशकें मनोविश्लेषकांत प्रमाण होतें.

या मताला सुरुंग लागला तो त्याच्याच एका अनुयायाच्या हातून. फिलाडेल्फियाचे डॉ. एरन बेक हे मनोविश्लेषणाची रीतसर दीक्षा घेतलेले वैद्य. फ्रॉइडचें म्हणणें प्रयोगानें सिद्ध करावें या हेतूनें त्यांनीं विषण्ण रुग्णांचीं स्वप्नें तपासलीं. स्वप्नांत आत्मद्वेष सांपडावा अशी अपेक्षा होती. सांपडलें तें भलतेंच. रुग्णांच्या स्वप्नांत पराभव होता, वंचना होती, कांहींतरी हरवल्याची हुरहूर होती; जागेपणीं ते स्वतःविषयीं जें बोलत तेंच झोपेंतहि चाललें होतें. मग बेक यांनीं रुग्णांच्या बोलण्याकडे निराळ्या कानांनीं ऐकण्यास आरंभ केला. त्यांना आढळलें कीं, मनांत एक विचारांचा प्रवाह उघड चालूं असतां दुसरा एक त्याच्याखालून, न बोलावतां, वाहत असतो. आणि तो मनुष्य त्या दुसऱ्या प्रवाहाला खरें मानून चालतो. १९६१ सालीं त्यांनीं विषादाचें मोजमाप करण्यासाठीं एकवीस कलमांची प्रश्नावलि सिद्ध केली, आणि १९६७ च्या ग्रंथांत आपली उपपत्ति विस्तारानें मांडली. तिचा गाभा असा : विषण्ण मनुष्य स्वतःकडे, जगाकडे आणि भविष्याकडे एकाच काळ्या भिंगांतून पाहतो. मी कुचकामाचा, जग माझ्या विरुद्ध, आणि पुढें कांहीं बदलणार नाहीं. भावना या समजुतींच्या मागून येतात. म्हणून समजुतींना पुरावा मागावा, त्यांची उलटतपासणी करावी, म्हणजे भावनेची पकड सैल होते. १९७७ सालीं बेक यांच्या सहकाऱ्यांनीं ही उपचारपद्धति त्या वेळच्या एका नामांकित औषधाशीं ताडून पाहिली, व ती औषधापेक्षां उणी पडली नाहीं. २०२१ सालीं, वयाचीं शंभर वर्षें पुरीं करून, बेक निवर्तले.

याच सुमारास न्यूयॉर्क येथें आल्बर्ट एलिस हे जवळजवळ याच निष्कर्षाला दुसऱ्या वाटेनें पोंचले होते, आणि त्यांनीं एपिक्टेटसाचें ऋण मोकळेपणानें मान्य केलें होतें. मराठी वाचकांस एलिस हें नांव बेकपेक्षां अधिक ओळखीचें वाटेल. आणि त्याचें श्रेय मुंबईचे मानसशास्त्रज्ञ डॉ. कि. मो. फडके यांना आहे. फडके यांनीं एलिस यांच्याशीं सुमारें साडेतीन दशकें पत्रव्यवहार केला. समुद्रापलीकडच्या गुरूला शंका लिहून पाठवावी, उत्तर येईपर्यंत थांबावें, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हां शंका काढावी, असा हा अभ्यास. जुन्या शास्त्रीपंडितांना शोभेल अशी ही चिकाटी होती. पुढें १९९० सालीं ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं मानसिक आरोग्यासाठीं संस्था उभारली. तिच्या द्वारें हा विचार शाळा, कारखाने व मध्यम स्थितींतील कुटुंबें यांच्यापर्यंत पोंचला. घटना, घटनेविषयींची समजूत आणि तिचा परिणाम ही तीन पायऱ्यांची मांडणी आज पुष्कळ सुशिक्षित घरांत ठाऊक आहे. परीक्षेंत नापास झालेल्या मुलाला, नोकरींत डावललेल्या तरुणाला तिनें खरोखर आधार दिला आहे. परंतु ती मुंबई-ठाण्याच्या दिवाणखान्यांतून निघून वाशीमच्या ओसरीवर आली म्हणजे तिच्यापुढें जो प्रश्न उभा राहतो तो निराळा आहे.

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं दुसरा एक प्रवाह पाहिला पाहिजे. कारण शेतकऱ्याच्या स्थितीशीं त्याचा संबंध अधिक जवळचा आहे. १९६७ च्या सुमारास फिलाडेल्फियांतच मार्टिन सेलिग्मन व स्टीव्हन मायर या दोन तरुण अभ्यासकांनीं कुत्र्यांवर कांहीं प्रयोग केले. कांहीं कुत्र्यांना विजेचे झटके बसत, पण डोक्यानें एक फळी दाबली कीं ते थांबत. दुसऱ्यांना तितकेच झटके बसत, परंतु त्यांनीं कांहींहि केलें तरी ते थांबत नसत. मग दोघांनाहि अशा पेटींत ठेवलें कीं, मधला ठेंगणा अडसर ओलांडला म्हणजे सुटका व्हावी. पहिले उडी मारून पलीकडे गेले. दुसऱ्यांतील पुष्कळसे तेथेंच पडून राहिले, आणि झटके सोसत राहिले. यांना 'आपल्या करण्यानें कांहीं होत नाहीं' हा धडा मिळाला आहे, असा निष्कर्ष निघाला, व मनुष्याच्या विषादाचें हेंच मूळ असावें असें सेलिग्मन म्हणूं लागले.

पण माणसें सारखीं नसतात. एकाच तडाख्यानें एक खचतो, दुसरा उठतो. म्हणून १९७८ सालीं लिन एब्रमसन, सेलिग्मन आणि जॉन टीसडेल यांनीं या मतांत सुधारणा केली. आपत्ति आली असतां मनुष्य तिचें कारण कसें लावतो, यावर तो किती खचेल हें अवलंबून असतें, असें त्यांनीं म्हटलें. कपाशीवर बोंडअळी पडली, असें समजा. एक म्हणतो, यंदा अळी सगळीकडेच पडली. पुढल्या वर्षीं वाण बदलूं, आणि तूर तर हातीं आहे. दुसरा म्हणतो, माझ्यांतच खोट आहे. हें असेंच चालायचें. मला कशालाच यश नाहीं. पहिल्यानें कारण बाहेरचें, तात्पुरतें व एका पिकापुरतें मानलें. दुसऱ्यानें तें स्वतःमधलें, कायमचें आणि सर्व आयुष्य व्यापणारें मानलें. दोघांचें वावर एकमेकांना लागून असलें तरी रात्रीं झोंप कोणाला येईल हें सांगावयास मानसशास्त्रज्ञ लागत नाहीं.

ही मांडणी इतकी सुबक आहे कीं, शिकवितांना मी तिच्यावर खूष असें. त्या मुलाच्या प्रश्नानंतर मात्र तिच्यांतील एक गृहीत गोष्ट मला दिसूं लागली. 'दोघांचें वावर एकमेकांना लागून' असें मीं म्हणतों, तेव्हां दोघांची परिस्थिति सारखी आहे असें मीं धरून चालतों. ती खरोखर सारखी असते काय ?

या प्रश्नाला आमच्याच जिल्ह्यांत उत्तर मिळालें आहे. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्र यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठीं वर्धा, वाशीम व यवतमाळ या तीन जिल्ह्यांत फिरून पाहणी केली. आत्महत्या घडलेल्या १११ शेतकरी घरांची त्यांनीं माहिती घेतली, आणि ताडून पाहण्यासाठीं, जेथें तसें घडलें नव्हतें, अशीं १०६ घरें निवडलीं. पहिल्या प्रकारच्या घरांपैकीं शेंकडा ८७ घरांत कर्ज होतें, शेंकडा ७४ घरांची सांपत्तिक स्थिति खालावली होती. दुसऱ्या घरांशीं तुलना करतां पहिल्यांवरील कर्ज पुष्कळच अधिक होतें, आणि दावणीला बैल कमी होते. म्हणजे एकाच शिवारांत, एकाच पावसाखालीं असलेल्या दोन शेतकऱ्यांची परिस्थिति दुरून सारखी दिसली तरी जवळून सारखी नव्हती. आपण ज्याला समजुतींतील फरक म्हणतों त्यांतला पुष्कळसा भाग खातेवहींतला आणि गोठ्यांतला फरक होता.

अशीच शंका इंग्लंडांतहि निघाली होती. जॉर्ज ब्राऊन व टिरिल हॅरिस यांनीं लंडनच्या कँबरवेल भागांतील स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ सालीं, म्हणजे एब्रमसन प्रभृतींची सुधारणा प्रसिद्ध झाली त्याच वर्षीं, एक ग्रंथ लिहिला. लहानपणीं आई गेलेली, पदरीं तीनचार लहान मुलें, बाहेर कामधंदा नाहीं, आणि मनांतलें बोलावें असें जवळचें माणूस नाहीं, अशा स्त्रीवर संकट कोसळलें तर ती विषादाच्या तावडींत सांपडण्याचा संभव कितीतरी अधिक, असें त्यांना दिसलें. पुढच्याच वर्षीं लॉरेन अलॉय व एब्रमसन यांनीं तर उपपत्तीच्या मुळालाच हात घातला. कळ दाबल्यानें दिवा लागतो कीं नाहीं, आपल्या हातांत किती आहे, याचा अंदाज विद्यार्थ्यांना करावयास सांगितला, तेव्हां आनंदी विद्यार्थ्यांनीं स्वतःकडे नसलेलें कर्तृत्व घेतलें, आणि खिन्न विद्यार्थ्यांचा अंदाज बरोबर निघाला. पुढील प्रयोगांत हा निष्कर्ष सर्वत्र टिकला नाहीं, हें खरें. परंतु 'विषण्ण मनुष्य चुकीचा विचार करतो' हें वाक्य त्यानंतर पूर्वींइतक्या निःशंकपणें उच्चारतां येत नाहीं.

मग विचारमूलक उपपत्ति टाकून द्यावी काय ? मला तसें वाटत नाहीं. कारण परिस्थितीलाच सर्व कारण मानलें तर दुसरा धोका उभा राहतो. कर्ज फिटेल, पाऊस पडेल, भाव मिळेल तोंपर्यंत ओसरीवर बसलेल्या माणसासाठीं कोणी कांहींच करावयाचें नाहीं, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय त्या माणसाचें बोलणें नीट ऐकलें तर त्यांत दोन प्रकारचीं वाक्यें मिसळलेलीं आढळतात. 'सोयाबीन गेलें', 'सावकाराचें देणें आहे', 'विहिरीला पाणी नाहीं' हीं वस्तुस्थितीचीं वाक्यें आहेत; त्यांची उलटतपासणी करणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणें होय. परंतु 'मी घराला ओझें झालों', 'माझ्यावांचून यांचें बरें चालेल', 'आतां कधींच कांहीं सुधारणार नाहीं' हीं वस्तुस्थितीचीं वाक्यें नव्हेत. तीं विषादानें त्याच्या कानांत सांगितलेलीं आहेत, आणि तीं खोटीं आहेत. बेक यांनीं दाखविलेल्या दुसऱ्या प्रवाहाचें पाणी तें हेंच. हें दोन प्रकारचें बोलणें निरनिराळें करतां येणें, यांतच त्या उपपत्तीचें खरें मोल आहे. पहिल्या वाक्यांना उत्तर सरकारनें, पेढीनें व समाजानें द्यावयाचें आहे. दुसऱ्यांना उत्तर जवळच्या माणसानें आणि वैद्यानें.

या शास्त्राचा अलीकडचा इतिहास याच दिशेनें गेला आहे. १९९६ सालीं अमेरिकेंत नील जेकबसन यांनीं बेकप्रणीत उपचारांचे भाग सुटे करून पाहिले. रुग्णाला हळूहळू कामाला, माणसांत, नित्याच्या व्यवहारांत परत आणणें हा त्यांतील एक लहानसा भाग. तेवढाच दिला तरी गुण जवळजवळ पूर्ण उपचारांइतकाच येतो, असें दिसलें. समजुतींशीं वाद घालण्यापूर्वीं हातपाय हलविले तरी चालतें, असा याचा अर्थ. याच तत्त्वावर गोव्यांत मोठा प्रयोग झाला. डॉ. विक्रम पटेल व 'संगाथ' या संस्थेंतील त्यांचे सहकारी यांनीं दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील तीव्र विषादाच्या रुग्णांकडे, मानसोपचाराची पदवी नसलेले परंतु शिकवून तयार केलेले स्थानिक समुपदेशक पाठविले. त्यांनीं मोजक्या भेटींत रुग्णांना बोलतें केलें व कामाला लावलें. तीन महिन्यांनीं अशा रुग्णांपैकीं शेंकडा ६४ जणांचा विकार ओसरला होता. नुसते नेहमींचे उपचार मिळालेल्यांत हें प्रमाण शेंकडा ३९ होतें. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत 'विश्राम' नांवाचा उपक्रम तीस गांवांत झाला. आरंभीं विषादानें ग्रासलेल्यांपैकीं शेंकडा ४.३ लोकच कोणाकडे मदतीला जात. दीड वर्षानें तें प्रमाण शेंकडा २७.२ झालें. २०१५ पासून राज्य सरकारनें विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प हातीं घेतला, त्यांत वाशीमहि आहे. आशाताईंनीं घरोघर जाऊन मनाची विचारपूस करावी, अशी त्यांतील योजना.

आणि सर्वांत विलक्षण गोष्ट २०१६ सालीं घडली. पन्नास वर्षांपूर्वीं कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या मायर व सेलिग्मन यांनींच मेंदूवरील नव्या संशोधनाच्या आधारें एक प्रबंध लिहून आपली जुनी उपपत्ति उलटी होती, असें कबूल केलें. दीर्घकाळ चाललेल्या पीडेपुढें हतबल होऊन पडणें हें शिकावें लागत नाहीं. तो शरीराचा उपजत प्रतिसाद आहे. शिकावें लागतें तें दुसरेंच : आपल्या हातून कांहीं घडूं शकतें, ही जाणीव. ज्या कुत्र्यांना फळी दाबून झटके थांबवितां आले, त्यांनीं खरा धडा घेतला होता. उरलेल्यांना तो धडा मिळालाच नव्हता. आपलेंच गाजलेलें मत वृद्धपणीं असें मोडून काढणें ही विद्वत्तेच्या इतिहासांत फार वेळां आढळणारी गोष्ट नव्हे.

या एका कबुलीनें माझ्या दृष्टीनें सारा वाद सुटतो. आशा हा मनाचा धडा असेल तर तो देणारी शाळा जगांत असली पाहिजे. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, ज्याला पीकविम्याचे पैसे वेळेवर मिळतात, ज्याच्या मालाला ठरलेला भाव येतो, त्याला दरवर्षीं 'माझ्या हातून कांहीं घडतें' हा अनुभव मिळत असतो. कोरडवाहू सोयाबीनवर ज्याचें सर्वस्व अवलंबून आहे त्याला तो अनुभव पांच वर्षांत एकदां मिळेल. म्हणून परिस्थिति आणि विचार हीं दोन प्रतिस्पर्धी कारणें नव्हेतच. परिस्थिति ही विचाराची पंतोजी आहे. वाईट पंतोजीच्या हाताखालीं मुलगा मागें पडला तर त्याला मठ्ठ म्हणत नाहींत. पण पंतोजी बदलेपर्यंत त्याला घरीं कोणी शिकवूं नये, असेंहि कोणी म्हणत नाहीं.

कायद्यानेंहि हा फरक उशीरां कां होईना ओळखला. आत्महत्येच्या प्रयत्नाला भारतीय दंडविधान दीर्घकाळ गुन्हा मानीत असे; चरकाचा 'अपराध' हा शब्द जणूं शब्दशः अंमलांत आणलेला. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानें असा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजीं शुश्रूषा द्यावी, असें ठरविलें. एका जुन्या शब्दाचा अर्थ बदलावयास असा काळ लागतो.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर. तें मीं त्याला सुमारें महिन्याभरानें, वर्गांत नव्हे, तर महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर दिलें. मीं म्हटलें, ''तुझ्या बापाला पीक गेल्याचें दुःख आहे, तें बरोबर आहे. त्यांत चूक शोधूं नकोस. तो स्वतःला निकामी समजतो, तें मात्र त्याचें बोलणें नव्हे, दुखण्याचें आहे. आपण तापानें बरळणाऱ्याशीं वाद घालीत नाहीं, त्याला चूक म्हणत नाहीं; त्याच्यापाशीं बसतों, आणि डॉक्टरला बोलावतों.'' मग मीं त्याला तीन गोष्टी सांगितल्या : बापाला सरकारी दवाखान्यांत मनाच्या डॉक्टरांकडे ने, रोज त्याच्याबरोबर थोडें तरी चाल, गोठ्यापर्यंत का होईना, आणि मरणाची गोष्ट त्याच्या तोंडून निघाली तर ती हसण्यावारी न नेतां त्याला एकटें सोडूं नको, ताबडतोब कोणाची तरी मदत घे. अशा वेळीं रात्रीं-अपरात्रीं फुकट सल्ला मिळावा म्हणून २०२२ पासून सरकारनें १४४१६ हा दूरध्वनि-क्रमांक ठेवला आहे. तो मीं त्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला.

मुलगा ऐकत होता. बराच वेळानें म्हणाला, ''म्हंजे चूक नाही त्याची.'' मीं म्हटलें, ''नाहीं.'' त्यानें चहाचे पैसे मला देऊं दिले नाहींत.

बापाला पुरतें बरें वाटावयास वर्ष गेलें. औषध चाललें, मुलगा बरोबर चालला. मध्यंतरीं पुन्हां एक हंगाम हातचा गेला आणि कांहीं आठवडे सगळें पहिल्यासारखें झालें. परंतु गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं तो मुलगा भेटला तेव्हां सहज बोलतां बोलतां म्हणाला कीं, पेरणी कधीं धरावी यावरून बापाशीं त्याचें कडाक्याचें भांडण झालें. ही तक्रार सांगतांना त्याचा चेहरा मोठा प्रसन्न होता.